समिती परत कधी येणार? : मराठवाड्यातल्या विद्यापीठांना एका निवृत्त कारकुनाचे खुले पत्र

प्रति,
सन्माननीय कुलगुरू, अधिष्ठाता मंडळ आणि विद्यापरिषदेचे सर्व सदस्य,
मराठवाड्यातली दोन्ही विद्यापीठे (छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड).

विषय : नवीन पदवी अभ्यासक्रमांना मान्यता देण्याबाबत, आणि दिल्यानंतर काय होते त्याबाबत.

महोदय, महोदया,

"उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की" या वाक्याने मी आयुष्यात किती पत्रे सुरू केली त्याची मोजदाद नाही. आज ते वाक्य गाळतो. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी, एका संलग्नित महाविद्यालयाच्या कार्यालयात मी तीस वर्षे काढली. कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो, कार्यालयीन अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. कॉलेजचे नाव सांगत नाही आणि ते दोहोंपैकी कोणत्या विद्यापीठाला जोडलेले होते तेही सांगत नाही. एकट्या कुणाला धरून काही साधणार नाही, आणि खरे सांगायचे तर या तक्रारीतला एक आरोपी मी स्वतः आहे.

नवीन अभ्यासक्रमाचे प्रस्ताव मी करायचो. संस्थेचा ठराव, हमीपत्र, ताळेबंद, इमारतीचा नकाशा, ग्रंथालयाची यादी, फाईलला टॅग, आवक विभागाचा शिक्का, सगळे. आमच्याकडे कायदा कलमांच्या आकड्यांनीच ओळखला जायचा. १९९४ चा कायदा होता तेव्हा नव्या अभ्यासक्रमाची परवानगी म्हणजे 'ब्याऐंशी', आणि कुलगुरूंनी तातडीच्या अधिकारात दिलेला निर्णय म्हणजे 'चौदा-सात'. मग २०१६ चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम आला, १ मार्च २०१७ पासून लागू झाला, आणि त्याच दोन गोष्टी 'एकशे नऊ' आणि 'बारा-सात' झाल्या. फाईल तीच राहिली.

पत्र खुले आहे, म्हणून तुम्हाला पाठ असलेली गोष्ट आधी गावातल्या पालकांसाठी थोडक्यात सांगतो. नवीन पदवी दोन वाटांनी येते. एक वाट विद्यापीठाच्या आतली. अभ्यासमंडळ मसुदा करते, तो विद्याशाखेत जातो, विद्यापरिषद मंजूर करते. पदवीचे नाव मात्र मनाला येईल ते ठेवता येत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्याचे कलम २२ सांगते की आयोगाने राजपत्रात जाहीर केलेल्या नावाचीच पदवी देता येते. ती यादी आयोगाने २०१४ मध्ये नव्याने काढली. दुसरी वाट कॉलेजची. अभ्यासक्रम विद्यापीठात आधीपासून आहे, तो आपल्या गावी सुरू करायचा. त्यासाठी तुमच्या पाच वर्षांच्या बृहत आराखड्यात गावाचा स्थळबिंदू लागतो, म्हणजे या गावी हा अभ्यासक्रम काढता येईल अशी नोंद. मग सप्टेंबरअखेर अर्ज, छाननी, अधिष्ठाता मंडळ, व्यवस्थापन परिषद, तिथून मंत्रालय. शासनाची परवानगी, कॉलेज पाहायला विद्यापीठाकडून येणारी स्थानिक चौकशी समिती, शेवटी संलग्नीकरण, म्हणजे विद्यापीठाशी जोडणी. औषधनिर्माण, विधी, बीएड, अभियांत्रिकी यांना दिल्लीतल्या आपापल्या परिषदांचा शिक्का वेगळा.

कागदावर बघितले तर एवढ्या चाळण्यांतून वाळूचा खडा जाऊ नये. आमचा तर अख्खा टेम्पो गेला.

टेम्पोची गोष्ट अशी. साल दोन हजार उलटून गेले होते आणि जिकडे तिकडे जैवतंत्रज्ञानाची हवा होती. आमच्या संस्थेच्या अध्यक्षांनी जिल्ह्याच्या गावी कुणाच्या तरी कॉलेजवर 'बायोटेक' अशी पाटी पाहिली आणि परत येताना गाडीतूनच प्राचार्यांना फोन केला, की आपल्यालाही पाहिजे. बीएस्सी बायोटेक्नॉलॉजी, कायम विनाअनुदान तत्त्वावर. बाहेरच्यांना हे शब्द नुसते सरकारी वाटतात. आत बसलेल्याला त्यांचा अर्थ ठाऊक असतो : शासन या विषयाच्या मास्तराला कधीही पगार देणार नाही, आणि संस्था देईल असे संस्थेने स्टॅम्पपेपरवर लिहून दिले आहे.

समितीची तारीख कळली. जिल्ह्याच्या गावच्या एका कॉलेजातून लॅमिनार एअर फ्लो, ऑटोक्लेव्ह, दोन इन्क्युबेटर आणि एक सेंट्रिफ्यूज असा माल आणायचे ठरले. टेम्पो रात्री दहाला आला. दोन शिपाई आणि मी, आम्ही तो उतरवून घेतला. लॅमिनारच्या कुशीला त्या दुसऱ्या कॉलेजचा साठा क्रमांक पांढऱ्या ऑइलपेंटने लिहिलेला होता. मी ओल्या फडक्याने घासला, मग रॉकेलने घासला. निघाला नाही, तेव्हा वर आमच्या कॉलेजची चिठ्ठी डकवली. डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे कॉलेजच्या टिकाऊ सामानाच्या वहीत, मागल्या तारखेच्या नोंदी माझ्या अक्षरात आहेत. अक्षर चांगले म्हणून ही कामे माझ्याकडेच यायची.

सकाळी समिती आली. तीन जण होते. येतानाच एक कॉलेज उरकून आले होते आणि संध्याकाळी आणखी एक होते. त्यातले एक सर खरे जाणकार. त्यांनी ऑटोक्लेव्हचे झाकण उघडले, आत बोट फिरवून पाहिले, मग त्या चिठ्ठीकडे पाहिले, मग माझ्याकडे. बोलले काही नाहीत. दुपारी अध्यक्षांच्या घरी जेवण झाले. अहवाल आला तो असा : साहित्य उपलब्ध, ग्रंथसंख्या वाढवावी, पूर्णवेळ शिक्षकांची नियुक्ती तातडीने करावी, या अटींच्या अधीन राहून शिफारस. टेम्पो त्याच रात्री परत गेला. भाडे 'किरकोळ खर्च' या शीर्षाखाली टाकले.

'अटींच्या अधीन राहून' हे शब्द मग मी दर वर्षी टाइप केले. संलग्नीकरण सातत्याचा प्रस्ताव गेला की त्रुटींची यादी यायची, त्याला पूर्तता अहवाल जायचा, आणि पूर्तता अहवालात शिक्षकांच्या रकान्यात एकच वाक्य असायचे : "नियुक्तीची प्रक्रिया सुरू आहे." वर्ष बदलायचे, वाक्य तेच. मी निवृत्त झालो तेव्हाही ती प्रक्रिया सुरूच होती.

पहिल्या वर्षी एकोणीस लेकरं आली. त्यातली बरीच बारावीला विज्ञानात बऱ्या मार्कांनी पास झालेली, पण लातूरच्या क्लासचा खर्च न झेपणाऱ्या घरची. शिकवायला एक नुकताच एमएस्सी झालेला मुलगा, तासिका तत्त्वावर. जीवरसायन, सूक्ष्मजीव, अनुवंश, सगळे तोच. मुलगा गुणी होता. ऑटोक्लेव्ह परत गेल्यामुळे तो प्रेशर कुकरमध्ये जंतू वाढवायचे माध्यम निर्जंतुक करून घ्यायचा. त्यात चूक काही नाही, शास्त्र तेच आहे. पण कुकर आणि गॅसची टाकी तो स्वतःच्या खोलीवरून सायकलवर आणायचा. त्याचे मानधन सात-सात महिने निघायचे नाही. दुसऱ्या वर्षी त्याला पुण्याकडे काम लागले आणि तो गेला. जाताना मला म्हणाला, "काका, पोरांना सांगू नका, मीच सांगतो." सांगताना रडला, असे शिपाई म्हणाला. त्यानंतर बायोटेकचा पेपर प्राणिशास्त्राच्या सरांनी नोट्स वाचून दाखवत काढला.

एकोणिसातली अकरा पास होऊन बाहेर पडली.

त्यातली एक मुलगी, वडील मोंढ्यात हमाल. तीन वर्षांनी ती कार्यालयात आली, हातात जाहिरातीचे कात्रण. पदवीला वनस्पतिशास्त्र किंवा रसायनशास्त्र विषय हवा, असे त्यात होते. तिने दोन्हींतले बरेचसे शिकलेले होते, पण गुणपत्रिकेवर ते शब्द कुठे नव्हते. म्हणाली, "काका, एक पत्र द्या ना, माझी डिग्री त्याच्याबरोबरीची आहे म्हणून." मला तसे पत्र देण्याचा अधिकार नव्हता. विद्यापीठात गेली, तिथे समकक्षतेसाठी अर्ज करा, मंजूर अभ्यासक्रमाची प्रत जोडा, असे सांगितले. प्रत माझ्या कपाटात होती. झेरॉक्स करून दिली. समकक्षतेचे उत्तर आले तोवर त्या जाहिरातीची मुदत संपून निकालही लागला होता.

तिचे आता बसस्टँडजवळ सेवा केंद्र आहे. सातबारे काढते, उत्पन्नाचे दाखले करते, जूनमध्ये पोरांचे प्रवेश अर्ज भरून देते. मध्ये मी पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी गेलो होतो. एक पोरगा कुठल्याशा नव्या कोर्सबद्दल तिला विचारत होता. ती म्हणाली, "कॉलेजात जाऊन एवढंच विचार, शिकवायला कोण आहे? नाव विचार. भरणार आहेत म्हणले तर परत ये."

तुमच्या छापील नमुन्यात स्थानिक चौकशी समितीसाठी रकाने पुष्कळ आहेत. खोल्यांची लांबी-रुंदी आहे, पंखे आहेत, मुलींच्या प्रसाधनगृहाची संख्या आहे (तेवढा रकाना मात्र कधीही काढू नका). तिने विचारलेला प्रश्नही आहे. पण त्याचे उत्तर म्हणून 'प्रक्रिया सुरू आहे' चालते.

आता बृहत आराखड्याचे सांगतो. कायदा म्हणतो की आराखडा गरज बघून करायचा, जिथे सोय नाही अशा मागास भागाचा विचार करायचा. गरज कशी बघतात? आमच्याकडे एकदा प्रश्नावली आली. "आपल्या तालुक्यातील औद्योगिक व सामाजिक गरजा" असा एक रकाना होता. प्राचार्य नागपूरला गेले होते, मुदत दुसऱ्या दिवशीची. भारनियमन चालू होते, अंगणातल्या लिंबाखाली टेबल टाकून मी ती भरली. जिनिंग किती, दालमिल किती, ते चहावाल्याला विचारले. शेवटी लिहिले, "कृषिपूरक उद्योगांना वाव असून त्या अनुषंगाने व्यावसायिक अभ्यासक्रमांची आवश्यकता आहे." पुढे छापील आराखडा आला त्यात हे वाक्य जवळपास जसेच्या तसे पाहिले. खोटे कशाला बोलू, मला क्षणभर अभिमानच वाटला. मग लक्षात आले की आमच्या तालुक्याचे सर्वेक्षण म्हणजे मी आणि चहावाला.

मराठवाड्याला गरजा नाहीत असे नाही. जालन्याला बियाणे आणि लोखंड आहे. वाळूज, शेंद्रा, बिडकीनच्या औद्योगिक वसाहती आहेत. वसमतला हळद आहे. लातूरला डाळी आहेत. किल्लारीला १९९३ साली जमीन हलली तेव्हा घर कसे बांधावे हे सांगणारा माणूस किती लांबून आणावा लागला, ते माझ्या वयाच्या माणसांनी पाहिलेले आहे. आणि गरजेला धरून पदवी बांधता येते हेही आपल्याकडेच दिसते. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे केंद्र २०१८ पासून जालन्यात आहे, तिथला पाच वर्षांचा एकात्मिक एमटेक उद्योगातल्या प्रशिक्षणाला गुंफून बांधलेला आहे. उलट टोकही आपल्याकडेच. संतसाहित्याच्या अभ्यासासाठी काढलेल्या पैठणच्या संतपीठाची इमारत कित्येक वर्षे रिकामी उभी राहिली आणि अभ्यासक्रमांना मुहूर्त लागला २०२१ मध्ये.

आमच्या भूगोलाच्या सरांची गोष्ट मला यात सगळ्यात लागते. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याच्या कितीतरी आधीपासून हे सर दर उन्हाळ्यात पोरांना घेऊन गावोगावच्या विहिरींची पातळी मोजत होते. दोराला गाठी मारून. वहीत गाव, विहीर, मालक, तारीख, फूट. चाळीसेक गावे झाली असतील. त्या पाण्याच्या रेल्वेनंतर त्यांनी मनावर घेतले आणि पाणलोट, भूजल, पिकाचा ताळा, ग्रामपंचायतीचे पाणी अंदाजपत्रक असा तीन वर्षांच्या पदवीचा मसुदा स्वतः केला. मी टाइप केला. माझ्या तीस वर्षांत टाइप केलेला हा एकच प्रस्ताव असा, की ज्यात शिक्षक आधी होता आणि कागद नंतर.

त्याचे काय झाले? पहिली अडचण, पदवीचे नाव यादीत बसत नाही. ठीक, यादीतले नाव घेऊन पुढे कंसात विषय लिहू, असे ठरले. दुसरी अडचण, भूगोल मानव्यविद्येत धरायचा की विज्ञानात. एक वर्ष त्यावर गेले. नव्या कायद्याने आंतरविद्याशाखीय अभ्यास अशी चौथी विद्याशाखा केली आहे. मला वाटले होते ती अशाच अडलेल्या म्हशीसाठी असेल. तिसरी अडचण शेवटची ठरली : आराखड्यात स्थळबिंदू नाही, पुढच्या पंचवार्षिक आराखड्यात मागणी करा. सर त्याआधीच निवृत्त झाले. वह्या मला देऊन गेले, माझ्या माळ्यावर आहेत. त्याच वर्षी तालुक्यात तिसरे बीसीए सुरू झाले. त्याचा बिंदू होता.

म्हणून म्हणतो, ही चाळणी वाईट कोर्स अडवत नाही आणि चांगला सोडत नाही, कारण ती कोर्स चाळतच नाही. कागद चाळते. आणि कागद कुणाचे चांगले? ज्या संस्थेकडे माझ्यासारखा कारकून असेल तिचे.

बीसीएवरून आठवले. २०२४-२५ पासून बीबीए, बीसीए, बीएमएस हे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या अखत्यारीत गेले आणि राज्यात त्यांना सीईटी लागली. पहिल्याच वर्षी जागा रिकाम्या राहतात असे दिसल्यावर जादा सीईटी घ्यावी लागली. नियम चांगल्या हेतूने आला असेल, मी त्यात पडत नाही. पण आमच्या शेजारच्या मुलाला बारावीचा निकाल लागल्यावर कळले की बीसीएला परीक्षा असते. काही कॉलेजांनी तर तोच माल दुसऱ्या नावाच्या पदवीखाली विकायला ठेवला. नाव बदलले की परिषद नको, सीईटी नको. त्या नव्या नावावर कुणाची सही आहे? तुमच्याच कुठल्यातरी बैठकीतली. पाच वर्षांनी त्या नावाची गुणपत्रिका घेऊन कुणीतरी समकक्षतेच्या खिडकीसमोर उभा राहणार, हे मी आजच सांगून ठेवतो.

नव्या शैक्षणिक धोरणाने तर पदवीचा आकारच बदलला. तीन वर्षांना १२० ते १३२ श्रेयांक (क्रेडिट), मुख्य विषय, उपविषय, खुली निवड, कौशल्य, भारतीय ज्ञानप्रणाली. चार शिक्षकांच्या कॉलेजात खुली निवड म्हणजे जो सर मोकळा असेल त्याचा विषय. यावर स्वतंत्र पत्र होईल, इथे सोडतो.

माझे बोलणे एकतर्फी होऊ नये म्हणून दुसरी बाजूही मीच सांगतो. माझ्या वडिलांच्या पिढीत मराठवाड्यातली कॉलेजे हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली होती. बाबासाहेबांनी १९५० मध्ये औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय काढले तेव्हा कितीतरी घरांना पदवी हा शब्द पहिल्यांदा हाताला लागला. १९५८ मध्ये औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ झाले, १९९४ मध्ये नांदेडचे. तालुक्या-तालुक्याला कॉलेज निघाले त्यात राजकारण होते, पैसा होता, हे खरेच; पण ज्या पोरींना घरच्यांनी जिल्ह्याच्या गावीसुद्धा पाठवले नसते, त्या याच विनाअनुदानित तुकड्यांत बसून शिकल्या. माझ्या दोन पुतण्या त्यातल्याच. तेव्हा कुणी शहरातून येऊन 'ही दुकाने बंद करा' म्हणले की मी लगेच मान डोलवत नाही. दुकान बंद केले तर मुलगा शहरात जातो आणि मुलीचे लग्न होते.

समितीच्या माणसांनाही मी पूर्ण दोष देत नाही. स्वतःचे तास बुडवून आलेला माणूस, गाडी कॉलेजची, जेवण कॉलेजचे, समोरच्या खुर्चीत अध्यक्ष, आणि अध्यक्षांच्या मागे भिंतीवर त्यांचा मंत्र्यांबरोबरचा फोटो. अशा खोलीत 'शिफारस नाही' असे लिहायला जिगर लागते. माझ्या पाहण्यात एका बाईंनी तसे लिहिले होते. पुढे त्यांना समितीवर आलेले मी पाहिले नाही.

तारखांचेही तसेच. कायद्याने परवानगीला १५ जूनची कड घातली आहे. आमच्याकडे एका वर्षी परवानगीचे पत्र ऑगस्ट संपताना आले आणि पोरं जूनपासून वर्गात होती, 'येणारच आहे' या भरवशावर. मग संलग्नीकरण कुलगुरूंच्या बारा-सातमध्ये. पत्र आले नसते तर? त्या मुलांचे वर्ष कुणाच्या नावावर मांडले असते, हे मी प्राचार्यांना विचारले होते. ते म्हणाले, "येतंच हो."

मग मागणे काय? एकच मोठे आहे. ज्या समितीने शिफारस केली तिने परत यावे. पहिली तुकडी पास होऊन वर्ष झाले की तीच माणसे, ज्यांच्या अहवालावर सह्या आहेत तीच, पुन्हा यावीत. खोल्या मोजायला नको, रजिस्टर बघायला तर मुळीच नको. त्या तुकडीतल्या पोरांना बोलवावे, येऊ न शकणाऱ्यांना फोन लावावा. कोणत्या वर्षी कोणी शिकवले, नाव काय. स्वतःच्या हाताने कोणता प्रयोग केला. आज काय करता. पदवीचे नाव कुठे आडवे आले का. जे मध्येच सोडून गेले त्यांना तर आधी विचारावे. आमच्या एकोणिसातले आठ कुठे गेले ते आमच्या कोणत्याही अहवालात नाही. आणि या उत्तरांवर पुढच्या वर्षीचे प्रवेश ठरावेत. शिक्षक नसेल तर नवे प्रवेश बंद, पण आत असलेल्या मुलांना जवळच्या कॉलेजात सामावून घेण्याची जबाबदारी विद्यापीठाची, आणि त्यांच्या प्रवासाचा खर्च संस्थेच्या ठेवीतून. ती मुदत ठेव आपण कशासाठी घेतो, हे मला तीस वर्षांत कुणी समजावले नाही. यासाठी तरी लागू द्या.

तुम्ही म्हणाल, कॉलेजांना श्रेणी देणारे नॅक आहे, शैक्षणिक लेखापरीक्षण आहे, दर वर्षीचे अहवाल आहेत. आहेत ना. त्यांच्याही फाईली मीच केल्या.

बाकी दोन गोष्टी लहान आहेत. चौकशी समितीचा अहवाल, साहित्याची बिले आणि प्रयोगशाळेचे फोटो त्याच आठवड्यात संकेतस्थळावर टाका, आणि पंधरा दिवस लोकांना लिहू द्या. कुणीतरी दुसऱ्या कॉलेजचा प्रयोगशाळा सहायक तो फोटो मोठा करून बघेल आणि आपले लॅमिनार ओळखेल. त्याला काही भत्ता द्यावा लागणार नाही. दुसरे, ज्याच्याकडे शिक्षक आधी आहे आणि बिंदू नाही, अशा माणसाला पाच वर्षे थांबवू नका. आधी प्रमाणपत्र, मग पदविका, दोन-तीन वर्षे चालवून दाखवू दे, टिकले तर आराखड्याच्या अधेमध्येही पदवीचा बिंदू उघडा. लातूर-संभाजीनगरच्या स्वायत्त कॉलेजांना आपले अभ्यासक्रम स्वतः बांधायची मोकळीक आहेच; तेवढी नको, पण तालुक्याच्या सराला त्यातली चिमूटभर मिळावी.

हे पत्र वाचून कुणी म्हणेल, तेव्हा गप्प का होतास? बरोबर आहे. नोकरी होती, दोन मुलांचे शिक्षण होते, आणि अध्यक्षांच्या समोर खुर्चीवर बसण्याचीही आमच्यात पद्धत नव्हती. चिठ्ठी मी डकवली. ते मी लपवत नाही आणि त्याचे समर्थनही करत नाही.

एक वस्तू माझ्याकडे आहे, ती तुमच्या उपयोगाची. निवृत्त होताना सगळा चार्ज दिला, पण बायोटेकच्या पहिल्या तुकडीचे हजेरीपत्रक रद्दीत निघाले होते ते मी घरी आणले. एकोणीस नावे आहेत. पुढे पेन्सिलने फोन नंबर लिहीत गेलो, लग्नपत्रिका आल्या तसे पत्ते बदलत गेलो. आज त्यातल्या तेरा जणांचे फोन लागतात. ते कुणी छापावे असे नाही. पण समिती येणार असेल तर मी एकेकाला विचारून जोडून देईन. सरांच्या विहिरींच्या वह्याही माळ्यावरून काढून ठेवतो. दुपारी मी घरीच असतो, चहा माझ्याकडून.

फक्त येण्याची तारीख कॉलेजला आधी कळवू नका.

आपला नम्र,
एक निवृत्त कार्यालयीन अधीक्षक